ओंकार, रॅलीचं काढायचं नव्हतं पण...

ओंकार,

काल फोन तू आधी ठेवलास का मी, ते जाऊ दे. आज शाळेत झेंडावंदन करून आत्ताच घरी आले, साडी पण बदलली नाही, तशीच बसून टाइप करतीये, कारण फोनवर आपल्या दोघांचा आवाज चढतो आणि आतून तुझे बाबा म्हणतात हळू, शेजारी ऐकतायत. लिहिताना निदान माझं वाक्य पुरं होतं. मेसमधून आल्यावर निवांत वाच. पण वाचून नुसतं सोडून देऊ नकोस, एक ओळ तरी टाक.

मतदानाचं वय सोळा करा, हे तुझं भाषण छान झालं. काल भांडणात ते बोलायचंच राहिलं. व्हिडिओ मी आज स्टाफरूममध्ये दाखवला, झेंडावंदनानंतर चहा होता तेव्हा, आणि सगळ्या जणी म्हणाल्या हा तुमचा ओंकार? हा तर पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. सुरुवातीला माईक खाली ओढलास तेव्हा तुझा हात थरथरत होता, ते त्यांना कुणाला दिसलं नाही, मला दिसलं. मग ऑस्ट्रियाचं आलं, 2007 पासून तिथं सोळाव्या वर्षी मत देता येतं, ब्राझीलमध्ये 1988 पासून, स्कॉटलंडमध्ये 2014 च्या सार्वमताला सोळा वर्षांची पोरं रांगेत उभी होती, ब्रिटनच्या सरकारने पण 2025 ला वय सोळावर आणणार असं जाहीर केलं. एवढं सगळं तू कागद न बघता बोललास. एकच सांगते, एकसष्टावी घटनादुरुस्ती 1989 ची म्हणालास, ती 1988 ची आहे, लागू 28 मार्च 1989 पासून झाली. परीक्षक बहुतेक मतदार दिनाच्या कार्यक्रमाला बोलावलेले पाहुणे असतील म्हणून निभावलं. हां, आता म्हणशील दुसरं बक्षीस मिळालं तरी आईला चूकच दिसली. तसं नाही रे. साल नीट असलं की समोरच्याला तुला मधेच तोडायला जागा राहत नाही एवढंच.

मी ठरवलं होतं आज त्या प्रचाराच्या रॅलीचं काढायचं नाही.

पण तुझ्या भाषणातलंच ते वाक्य घे ना, "सोळाव्या वर्षी गंभीर गुन्ह्यात आम्हाला मोठं धरून खटला चालवता येतो, मग मतपेटीपुढं आम्ही लहान कसे?" त्याला टाळ्या पडल्या, शिट्ट्या पण पडल्या. मुद्दा बरोबर आहे, 2015 चा तो बाल न्याय कायदा मला पण माहितीये, 16 ते 18 मधल्या मुलाने फार गंभीर गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ आधी तपासून बघतं आणि मग बाल न्यायालयात त्याला मोठं धरून खटला चालू शकतो. तू ते मतासाठी वापरलंस. मी मात्र ते ऐकून गार पडले, कारण माझ्या डोळ्यापुढं तो फोटो आला. गड्ड्याच्या जत्रेला म्हणून सोलापूरला घरी आलास, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर जाऊ म्हणालास, मी खूश, तुझ्यासाठी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी करून बसलीये आणि संध्याकाळी कुणाच्या तरी स्टेटसला तू. गाडीच्या मागं फुटरेस्टवर उभा, गळ्यात उपरणं, डोक्यावर हेल्मेट नाही, आणि गाडीच्या नंबरप्लेटवर स्टिकर मारलेलं. गाडी कुणाची ते तुला अजून सांगता येत नाही. चालवत तू नव्हतास म्हणतोस, मी खरं धरते. पण नंबर झाकलेल्या गाडीवर माणूस मागं बसला काय आणि पुढं बसला काय, पोलिसांनी धरलं तर ते विचारत बसत नाहीत. आणि तू चालवत असतास तर पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा तुझ्या बाबांना लागली असती, अल्पवयीन मुलाचं पालकावर येतं. हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये. घाबरलीये मी.

या वेळी महापालिकेच्या प्रचारात आपल्या गावात काय काय झालं ते तू पेपरात वाचलंयसच. बाहेर पडलास तेव्हा मला ते माहीत होतं, तुला पण माहीत होतं.

तू म्हणालास, मित्र म्हणाले चल की बे, सगळेच चाललेत. बाळा, सगळेच म्हणजे कोण? मी बघितलं त्या व्हिडिओत, पुढच्या जीपमध्ये चाळिशीचे आहेत आणि मागं गाड्यांवर सगळी अकरावी-बारावीची पोरं. ज्यांच्या मताचा त्या दिवशी उपयोग नाही त्यांनाच गोळा केलेलं. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी 2024 ला सगळ्या पक्षांना सांगितलं होतं की प्रचारात मुलांना वापरू नका, ते लोक कडेवरच्या लेकरापुरतं धरतात, सतरा वर्षांचं पोरगं कुणाला लेकरू वाटतच नाही. तुझ्या भाषणात हे यायला पाहिजे होतं बघ. गर्दीला सतरा वर्षांचा चालतो, घोषणा द्यायला चालतो, रात्री दोनला झेंडे बांधायला चालतो, पण पंधरा जानेवारीला मतदानाला तोच पोरगा गेटच्या बाहेर. यावर तू बोलला असतास तर पहिलं बक्षीस मिळालं असतं, मी शप्पथ सांगते.

मामाचं तुला माहितीये. अर्धं माहितीये खरं तर, कारण त्याच्यासमोर आपण कुणी ते काढत नाही.

मामाला पहिलं मत मिळालं नोव्हेंबर 1989 ला, वय एकवीसचं अठरा केलं त्यानंतरची ती पहिलीच लोकसभा. मामा एकोणीसचा. मी पाचवी-सहावीत असेन. तो शाई लावलेलं बोट वर धरून दारात उभा राहिला होता, कशाला हात लावेना, जेवताना पण ते बोट बाजूला. आण्णा मिलमधून आले, टोपीवर, भुवयांवर कापसाचं तूस, त्यांनी बघितलं आणि म्हणाले मिशा फुटल्या नाहीत आणि सरकार निवडायला निघाले. आण्णांनी स्वतः एकविसाव्या वर्षापर्यंत थांबून मत दिलेलं, त्यांना ते पटतच नव्हतं, चाळीत सगळे तेच म्हणायचे की ही पोरं पिक्चर बघून मत देणार, पैसे घेऊन देणार. आता तुझ्या सोळाबद्दल लोक जे बोलतात ना, अगदी तेच. म्हणून तू काल म्हणालास की आजोबा मामाला म्हणाले तेच तू मला म्हणतीयेस, तेव्हा मला बोलायला काही सुचलं नाही. खरं होतं ते.

पण पुढचं ऐक. त्यानंतर एक-दोन वर्षांत मिलच्या गेटवर ते दगडफेकीचं झालं. मामा तिथं कशाला गेला होता तर आण्णांचा डबा द्यायला, आणि थांबला कारण सगळेच थांबले होते. दगड त्याने मारला नाही, ते पुढं कोर्टात पण सिद्ध झालं नाही, पण नाव लिहून घेतलं ते घेतलंच. जो माणूस पुढं उभा राहून घोषणा देत होता त्याचं नाव त्या यादीत नव्हतं. मामाचं होतं. तारखा किती वर्षं चालल्या ते आई सांगायची, प्रत्येक तारखेला आण्णांचा खाडा. आणि मधे मामा पोलीस भरतीत ग्राउंडला पास झालेला, लेखी पण निघालेली, चारित्र्य पडताळणीत थांबलं. तो अजून टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे बांधतो एमआयडीसीत. आणि तरी मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून सात वाजता पहिला रांगेत, या वेळी पण. मला त्याचा अभिमान वाटतो रे, आणि त्याला बघून माझा जीव पण तुटतो, दोन्ही एकदमच होतं.

म्हणून तू भाषणात चार हुतात्म्यांची नावं घेतलीस ना, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी, आणि म्हणालास सोलापूरची पोरं वय विचारून लढली नाहीत, तेव्हा सगळा हॉल उभा राहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. सोलापूरच्या कुठल्या आईला ती नावं ऐकून भरून येत नाही? लहानपणी मीच तुला चौकात नेऊन ते पुतळे दाखवलेत. पण ते हुतात्मे कशासाठी गेले आणि ते रॅलीवाले भाऊ कशासाठी गाड्या फिरवत होते, यातला फरक तुला कळतो. कळतो ना?

बघ, परत शाळा सुरू केली मी. सॉरी. बाईंची सवय.

सोळा वर्षांबद्दल माझं काय मत आहे ते तू काल विचारलंस आणि मी विषय रॅलीवर नेला. आज नीट सांगते. तुला वाटतं मी विरोधात आहे. मी बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर म्हणून इतकी वर्षं घरोघर हिंडते, यादीतली नावं तपासते, नाव घालायचा, काढायचा, दुरुस्तीचा असे फॉर्म सहा, सात, आठ भरून घेते, तर माझं मत टीव्हीवरच्या लोकांसारखं एका बाजूला पक्कं होतच नाही.

विडी कामगारांच्या वस्तीत, विडी घरकुलात एक अम्मा आहे, मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, बोलता बोलता विडी वळून दोरा बांधते, हात थांबत नाही. अर्धं तेलुगू अर्धं मराठी. तिची नात अकरावीला. त्या पोरीने अख्ख्या बोळाचे फॉर्म मोबाईलवर भरून दिले, कुणाचं नाव आधारवर वेगळं, कुणाचा पत्ता जुना, कोण मेलं तरी यादीत आहे, तिला सगळं पाठ. नळाला पाणी कधी आलं, कधी नाही आलं, हे भिंतीवर खडूने लिहून ठेवलेलं, तिनेच. मला म्हणाली मॅडम, माझं कधी? मी तिला सांगितलं सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो, अठरा झाल्यावर नाव लागतं. ती म्हणाली म्हणजे या वेळी आजी माझ्याकडून चिठ्ठी वाचून घेणार, केंद्र शोधून घेणार आणि मी बाहेर थांबणार. मी तिला काय सांगणार? त्या पोरीला मत द्यायला माझी काही हरकत नाही, सोळाव्या वर्षी सुद्धा नाही. उजनीचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं तेव्हा रात्री उठून भरतं कोण, तूच भरायचास ना घरी होतास तेव्हा. महापालिकेत जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता, तू आठवीत होतास तेव्हापासून आपल्या वॉर्डात विचारायला नगरसेवक नव्हता. त्याची झळ तुम्हाला पण लागलीच.

पण त्याच बोळात दोन घरं सोडून एकजण मला म्हणाला पोरीचं नाव इकडं घालू नका, लग्न ठरलंय, तिकडं गेल्यावर घालतील. पोरगी अठरा पूर्ण, आतून बघतीये, बोलत नाही. असं मी दर वेळी ऐकते. तिकडं गेल्यावर पण लगेच कुणी घालत नाही, दोन-तीन वर्षं तशीच जातात. मग मला वाटतं, अठराचं मत ज्यांना हातात मिळत नाही त्यांना सोळाचं मिळालं तर ते तिचं असेल का बापाचं? यावर तू म्हणशील चाळीस वर्षांच्या बाईचं तरी कुठं तिचं असतं. हो, नसतं कधी कधी. म्हणूनच म्हणलं माझं पक्कं होत नाही.

आणि अजून एक, हे तुझ्या पुढच्या भाषणासाठी घे, ऑस्ट्रियापेक्षा लोकांना जवळचं वाटेल. आपल्या महापालिकेला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. म्हणजे ज्याचा वाढदिवस ऑगस्टमध्ये, त्याला अठरा पूर्ण होऊन चार-पाच महिने झाले तरी पंधरा जानेवारीला मत नाही. केंद्राबाहेर मी यादी घेऊन बसले होते, पोरं आधार कार्ड घेऊन यायची, नवीन शर्ट घालून, मॅडम बघा ना एकदा, आणि मी बोट फिरवून नाही म्हणून सांगायची. एक पोरगा परत परत येऊन बघत होता की कुठं राहून तर गेलं नाही. पूर्वी तर वर्षातून एकच तारीख होती, एक जानेवारी, दोन तारखेला जन्मलेला वर्षभर थांबायचा. आता विधानसभा-लोकसभेच्या यादीला चार तारखा झाल्या, एक जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. अमेरिकेचं तू सांगितलंस, 1971 ला एकवीसचं अठरा केलं कारण व्हिएतनामला अठराची पोरं पाठवत होते, ते छान सांगितलंस, पण तिथं बऱ्याच राज्यांत अजून एक आहे, मुख्य निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतरा वर्षांच्याला पक्षाचा उमेदवार ठरवायच्या आधीच्या निवडणुकीत मत देता येतं. म्हणजे त्यांची बारावीतली पोरं, तुझ्याएवढीच. मला ते पटलं. वयाचं भांडण मोठं आहे, ते तुमच्या पिढीला चालवू दे, पण तारखेपायी तयार झालेलं पोरगं दारातून परत जाऊ नये एवढं तर आत्ता करता येईल.

हे सगळं तू बोल. स्टेजवर बोल, पेपरात पत्र लिही, कलेक्टर ऑफिसला निवेदन द्यायला जा, मी स्वतः येते तुझ्याबरोबर. आई तोंड बंद ठेव म्हणते असं मित्रांना सांगत जाऊ नकोस. मी म्हणते गर्दीत जाऊ नकोस. रात्रीचं नको, दुसऱ्याच्या गाडीवर नको, आणि कुणी उपरणं गळ्यात घातलं तर काढून परत द्यायचं, आई रागावते म्हणून सांग, माझ्यावर ढकल सगळं. तुझं अजून कुठल्याच यादीत नाव नाही ओंकार. पहिलं नाव मतदार यादीत लागू दे, माझ्या हाताने लागू दे, दुसऱ्या कुठल्या यादीत नको.

तर कामाचं. मे मध्ये तुला अठरा पूर्ण होतात, म्हणजे 1 जुलैची तारीख धरून नाव लागेल, फॉर्म सहा आत्ताच भरून ठेवता येतो. पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो पाठव, तो टोपीवाला नको. हॉस्टेलचा पत्ता पण चालतो विद्यार्थ्यांना, पण मी म्हणते घरचाच ठेव, पुढं तू कुठं जाशील कुणाला माहीत. दहावीचं सर्टिफिकेट माझ्याकडं आहे. आणि नावाचं स्पेलिंग आधारवर जसं आहे तसंच, बाबांच्या नावात त्यांनी एक अक्षर जास्त घातलंय ते आधी दुरुस्त करावं लागेल, ते मी बघते.

पेपर पंधरा दिवसांवर आलेत हे मी लिहिणार नव्हते, तुला माहितीच आहे. फिजिक्सचं न्यूमेरिकल उजेडात बसून कर, त्या ट्यूबलाइटचं वॉर्डनला सांगितलंस का? नसेल तर मी फोन करते, लाजू नकोस. शेंगा चटणी आणि कडक भाकरी उद्याच्या लातूर गाडीने पाठवतीये, कंडक्टर ओळखीचे आहेत, स्टँडवर जाऊन घे, रूममधल्या पोरांना पण दे. गेल्या वेळेसारखी सगळी एका दिवसात संपवू नकोस, घसा बसतो तुझा.

बाबा रागावलेले नाहीत. ते बोलत नाहीत एवढंच, काल रात्री तुझा व्हिडिओ आवाज बारीक करून बघत होते, मी आले तसा फोन पालथा ठेवला. ताईने पुण्यातून विचारलंय की हा वकील होणार का पुढारी, तिला मी काही उत्तर दिलं नाही. तू काय होणार ते तू ठरव, मला फक्त आधी सांग.

मामाला व्हिडिओ अजून पाठवला नाही. हुतात्म्यांचं ऐकून तो खूश होईल, आणि रॅलीचं त्याच्या कानावर गेलं असेल तर काय म्हणेल मला माहीत नाही. तू सांगशील तर पाठवते, नाहीतर तूच त्याला फोन कर, संध्याकाळी सातनंतर सुट्टी होते त्याची. आणि त्या भाऊंच्या ग्रुपमधून तू बाहेर पडलास का? मोठं उत्तर नको, हो किंवा नाही एवढंच लिही.

आई